वरच्या मजल्यावरचा शूबर्ट

४ नोव्हेंबर १९७४
फेर्डल, चष्मा शोधू नकोस, टेप ऐकायला तो लागत नाही. मी तुझी आजी. व्हिएन्नाला असते. विसरला असशील म्हणून सांगितलं. मला लिहिता येत नाही, तेव्हा तू दिलेल्या यंत्रात रोजनिशी बोलून ठेवणार. अगदी खाजगी. तुझ्या बायकोने नीट उतरवून काढावी.

५ नोव्हेंबर, दुपारी चार
वरच्या मजल्यावरचे श्रीयुत स्वातोश पियानोला बसले. शूबर्टचा शेवटचा सोनाटा. महिनाभर रोज तोच. तेहतीस वर्षं मी कॉन्सर्ट हॉलमध्ये लोकांचे कोट सांभाळले, बंद दाराआडून सगळे मोठमोठे पियानोवादक ऐकले. प्रागचा व्होंद्रा हा सोनाटा बटणं मोजल्यासारखा वाजवायचा. एक बटण सुटायचं नाही, पण ऊबही नाही. रीडलची गोष्टच वेगळी! खालच्या पट्टीतली ती घरघर तो अशी वाजवायचा, की शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपेत कूस बदलली असं वाटावं. मग थांबायचा. इतका, की हातातला कोट खुंटीला लावायचं मी विसरायचे. स्वातोशही थांबतात. पण ते पुढचं आठवत नाही म्हणून.

६ नोव्हेंबर
दुसऱ्या भागात स्वातोश खोकले. कालही तिथेच. ठरलं! उद्या वर जाऊन त्यांना रीडल समजावून सांगायचा.

७ नोव्हेंबर
गुडघे.

९ नोव्हेंबर
गुडघे बरे. पण केस धुतले होते. वरून तोच खोकला, त्याच सुरावर. छातीचंच काहीतरी असणार.

११ नोव्हेंबर
इमारतीची रखवालदारीण लेडरर जिन्यात भेटली. तिच्याकडे निरोप दिला: डावा हात जड पडतो, दुसरा भाग ओल्या कोटासारखा लोंबतो, खोकल्यावर काढा घ्या. म्हणाली, 'आजी, एवढं माझ्या डोक्यात मावायचं नाही, थोडक्यात सांगते.'

१२ नोव्हेंबर, चार
काही नाही. निरोप लागू पडला. मनातल्या मनात सराव चालला असेल.

१३ नोव्हेंबर
काही नाही.

१५ नोव्हेंबर
काही नाही. रेडिओ लावला, तर हवामान. मला करमत नाही असं मुळीच नाही. फेर्डल, रविवारी येतो म्हणाला होतास. असो, ग्राट्सहून रस्ते खराब असतील.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी
गेले वर. एक मजला, दोनदा बसले. खोलीत पियानोच नाही! म्हटलं, विकलात की काय? स्वातोश हसतच सुटले. 'अहो फ्राउ नावरातिल, मी जन्मभर ट्राम चालवली. मला घंटा तेवढी वाजवता येते.' ग्रामोफोनवरची तबकडी दाखवली. पाकिटावर तोंड कुणाचं? रीडलचं. आमच्याच हॉलमधली मैफल. खोकलासुद्धा प्रेक्षकांतल्याच कुणाचा. मी म्हटलं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

म्हणाले, 'लेडरर सांगून गेली, पियानोचा तुम्हाला त्रास होतो. आता अगदी हळू लावतो, काळजी नको.' मोठ्याने लावा म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं, 'उपकार झाले.'

१९ नोव्हेंबर, चार
गुडघ्यांना न विचारता खुर्चीवर चढले, छताकडे कान लावला. खोकला ऐकू आला. मग कळलं, माझाच होता.

फेर्डल, यायला जमत नसेल तर नको येऊस. अक्रोडाचा केक पाठव. एवढा मोठा, की एकटीला संपणारच नाही, वर न्यावाच लागेल.