होडी वळताना पाहिली म्हणणारी आई

१५ जाने. २०१७, डहाणू
स्पॅनिश साहित्याच्या वर्गातला, कादंबरीवरचा निबंध नापास. सरांनी स्वतः सांगितलं, वर्ग सुटल्यावर जिन्यात. "मॅडम, तुम्ही बातमी लिहिलीत. धाकटा मुलगा बुडाला, मोठ्याने होडी परत वळवली, वाचवता आलं नाही. पण हे सांगतंय कोण?" १९ फेब्रु.ला वर्गासमोर नव्याने मांडायचं. जमलं तर दुसरं वर्ष, नाहीतर विद्यापीठ इथेच संपलं.
सव्वीस वर्षं वार्ताहर आहे. 'बातमी लिहिलीत' ही तक्रार पहिल्यांदाच ऐकली.

१८ जाने., तलासरी
पंचायत समितीची बैठक दीड तास उशिरा. बाकावर कादंबरी पुन्हा उघडली. सगळी गोष्ट म्हातारी आई सांगते: सकाळपासून किनाऱ्यावर मासळी वाळत घालत होते, मोठ्याची होडी वळताना डोळ्यांनी पाहिली. प्रत्यक्षदर्शी आहे. मग शंका कसली?
शेजारी ग्रामसेवक. "ताई, ही भाषा इथे कुणाशी बोलणार?"
"कुणाशीच नाही."
"मग तर बरंय, भांडण नाही."

२९ जाने., वरोर
बर्फाच्या तुटवड्याची बातमी घेतली. मग हिराबाईकडे. सुकी मासळी विकते, जुनी ओळख. बांबूवर बोंबील टांगत होती. मी गोष्ट सांगितली, ती हात न थांबवता ऐकत होती.
"तीन दिवस पाऊस होता म्हणालीस ना?"
"हो. बुडाला त्या दिवशीही."
"मग ओल्यात मासळी कोण घालतं गं? सडेल ना. ती किनाऱ्यावर नव्हतीच."
"पण होडी वळलेली तिने…"
"कुठली वळते! मोठा पळाला असणार. आता एकच राहिला ना तिला."
इतकी ठाम कशी, विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

३० जाने.
डिक्शनरी घेऊन बसले. पान ४१: पाऊस, दिवे लागेपर्यंत. पान ५८: वाळत घातलेली मासळी. दिवस तोच, दोन्ही आईच्याच तोंडी. वर्गातले अकरा जण, सर, मी. एकालाही दिसलं नाही. कारण आमच्यापैकी कुणी मासळी वाळवलेली नाही.

५ फेब्रु.
सरांनी दोन्ही पानं पाहिली. "लेखकाची चूकही असू शकते. कुठल्या समीक्षकाने म्हटलंय?"
"वरोरच्या हिराबाईने."
वर्गात हशा. सर हसले नाहीत. "मांडा. पण चूक नाही, मुद्दाम आहे, हे पुस्तकातूनच दाखवा."
म्हणजे नुसता पाऊस पुरणार नाही.

११ फेब्रु.
सापडलं बहुतेक. मोठा मुलगा आईसोबत जेवायला बसतो, तेव्हा दर वेळी समुद्राकडे पाठ. चार जागी. आणि चारही वेळा आई स्वतःच त्याची खुर्ची तशी मांडते. म्हणजे त्याला समुद्र का बघवत नाही, ते तिला माहीत आहे. आधी वाचताना नुसतं घराचं वर्णन वाटलं होतं.

१७ फेब्रु., वरोर
हिराबाईला विचारलं, निबंधात तुझं नाव घालू?
"घाल की. पण त्या बाईला चार लोकांत खोटारडी म्हणायचं नाही."
"मग काय म्हणू?"
"ते तू बघ. शिकायला तू जातेस ना?"
घरी येऊन मसुदा काढला. 'खोटं' बारा वेळा. सगळे खोडले. आता अर्धी वाक्यं लंगडी झालीत.
परवा सकाळी अकरा वाजता वर्ग, माझा नंबर दुसरा. निकाल सर तिथेच सांगणार. उद्याचा दिवस हातात आहे.