रोलंडला दिलेला शब्द

सोमवार, ५ मार्च

रोलंडला शब्द दिला. हा आठवडाभर मी मत टाकणार नाही.

सिसिलीचं कठीण दिसतंय. बायको तिकडे इस्पितळात, आणि हा सभागृहाच्या जिन्यात उभा राहून माझी परवानगी मागतोय! म्हटलं, "अरे, विचारतोस काय? आधी जा तिच्याकडे." मी पहिल्यांदा निवडून आलो तेव्हापासूनची आमची जोडी. तो पलीकडच्या पक्षाचा, मी आमच्या. त्याला यायला जमलं नाही तर मी मत टाकायचं नाही, मला जमलं नाही तर त्यानं – म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. कागदावर काही नाही, सगळं जिभेवर.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बायकोचं, डिलिसचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचं सरकार एकेका मताला मोताद होतं. तरी हा गडी माझ्यासाठी बाहेर बसून राहिला. त्याच्या लोकांनी त्याला फाडून खाल्लं. मला त्यातलं एक अक्षर बोलला नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

मंगळवार, ६ मार्च

लंडनच्या या खोलीत पाय काही गरम होत नाहीत. घरी असतो तर डिलिसनं उकडलेले वाटाणे आणि खिमा भरलेली गरम पाई खाऊ घातली असती.

बुधवार, ७ मार्च

घात झाला. लहान गावांतली बाळंतपणाची इस्पितळं बंद करायचा आदेश उद्या सातला मताला येतोय. यादीत आमचं स्कार्थवेलचं हिल स्ट्रीटवरचंही आहे.

ते मी उभं केलंय. गिरणीतल्या मागावरून उठून नगरपालिकेत गेलो, तो त्या एकाच गोष्टीसाठी. आमची आई धाकट्याच्या बाळंतपणात स्वयंपाकघरातच गेली, दाई पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणून ते इस्पितळ. बाकी माझ्या कारकिर्दीत दाखवण्यासारखं काय आहे? मंत्री झालो नाही, होणारही नाही. आमच्यातल्या जहालांना मी मिळमिळीत वाटतो, पलीकडच्यांना लाल. पण हिल स्ट्रीटवरून जाताना मान वर करून जातो.

त्यांच्यातले काही फुटलेत म्हणतात. म्हणजे एकेका मताची लढाई. आमचा प्रतोद क्रोझियर दुपारी मला खांबाआड घेऊन गेला.

"उद्या सातला आत हवास."

"माझी जोडी आहे."

"मोड."

"शब्द दिलाय, क्रोझियर."

"आणि तुझ्या गावातल्या बायकांना काय दिलंयस? ठेंगा?" वर म्हणाला, "उद्या फोन करून करून तुला हैराण करीन. नाही आलास तर माणूस पाठवीन."

रोलंडलाच विचारावं का? पण कुठल्या तोंडानं? बायको मरणाच्या दारात, आणि मी फोन करून म्हणू, बाबा रे, मला मोकळं कर? असलं काही विचारायचं नसतं. तो नाही म्हणणार नाही, हेच तर वाईट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गुरुवार, ८ मार्च

सकाळपासून खोलीतच. पडदे ओढून घेतले. बाहेर पडलो तर कुणीतरी गाठणार.

दुपारी फोन सुरू झाला. वाजतो, थांबतो, थोड्या वेळानं पुन्हा वाजतो. डिलिस नाही – ती दिवसाउजेडी कधी ट्रंककॉल करत नाही, महाग पडतो. क्रोझियरच. चिकट माणूस, म्हटल्याप्रमाणे करतोय. शेवटी फोनवर उशी ठेवली. तरी आतून कण्हल्यासारखा वाजतच होता.

खरं सांगायचं तर मला क्रोझियरची भीती नव्हती, माझीच होती. उचलला असता तर पाच मिनिटांत कोट घालून निघालो असतो. म्हणून उचलला नाही. चारच्या सुमारास थांबला एकदाचा. सहाला क्रोझियरच्या माणसाच्या दारावर थापा पडल्या, "हॅलिवेल! वॉल्टर हॅलिवेल! आहेस का आत?" मी पलंगावर बसून राहिलो, चोरासारखा.

सात वाजून गेले. आता कुणी येत नाही.

शुक्रवार, ९ मार्च

एका मतानं हरलो. फक्त एका! मी गेलो असतो तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत सभापती रिवाजाप्रमाणे आहे तेच कायम ठेवतात. इस्पितळ वाचलं असतं.

सिसिली गेली. कालच, दुपारी. पेपरात दोन ओळी आहेत. म्हणजे काल दुपारभर रोलंड तिच्या उशाशी असेल, आणि मी इथं त्याला दिलेला शब्द सांभाळत बसलो होतो. हे बरोबरच केलं. बरोबरच केलं ना?

शनिवार, १० मार्च

गावी आलो. स्टेशनपासून घरापर्यंत एकानंही नमस्काराला टोपीला हात लावला नाही. खाटकाच्या दुकानात बायका बोलत होत्या, मी आत शिरताच पिशव्या उचलून बाहेर पडल्या.

संध्याकाळी इनिड आली. आमच्या पक्षाच्या गावातल्या शाखेची सचिव, मागावरची माझी जुनी सोबतीण. कोट काढला नाही, बसली नाही.

"कुठं होतास, वॉल्टर?"

सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"छान. म्हणजे साहेबलोकांत तुझी अब्रू राहिली."

"शब्द शब्द असतो, इनिड."

"असू दे की. पण कळा सुरू झालेली बाई तुझ्या शब्दावर जाऊन निजणार आहे का?"

डिलिस मध्ये पडली, "अगं, चहा तरी घे." "नको गं बाई, पुष्कळ झालं यांचं चहापाणी," म्हणाली आणि गेली. डिलिसनं तिच्यासाठी काढलेला कप परत फडताळात ठेवला.

बुधवार, १४ मार्च

आज सिसिलीला माती दिली. गेलो नाही. शाखेची सभा होती, तिथं चामडी सोलून घेत बसलो होतो. रोलंडला चार ओळी पाठवल्यात.

शनिवार, २८ एप्रिल

हिल स्ट्रीटच्या दाराला फळ्या ठोकल्या. तो रस्ता टाळतो आता, लांबून जातो.

शनिवारी गावकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायला बसतो, आज चारच माणसं. शेवटचा एक तरणा गडी, पिकल्स, गॅसकंपनीतला. बायकोला माळरानापलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेत होते. धुक्यात गाडी अडकली, पोर गाडीतच झालं. दोघं जगली, देवाची कृपा. म्हटलं, "तक्रार लिहून देतोस का? मी वरपर्यंत नेतो."

"नाही. मला काही नकोय."

"मग?"

"तुम्हाला बघायला आलो," म्हणाला. टोपी घातली आणि गेला.

जेवण गेलं नाही. आईचं स्वयंपाकघर दिसत राहिलं.

शुक्रवार, १८ मे

शाखेनं मतदान केलं. पुढच्या निवडणुकीला मी नाही, कुणी एक प्राध्यापक आहे. पोरगा बरा बोलतो. इनिडनं माझ्याविरुद्ध हात वर केला, आणि मग बाहेर येऊन एकटीच रडली. मीच तिला रुमाल दिला.

घरी डिलिस म्हणाली, "जाऊ दे. आता बागेत बटाटे लाव." मग म्हणाली, "पुन्हा तशीच वेळ आली तर काय करशील?"

म्हटलं, तेच. इस्पितळ गेलं, जागा गेली, गाव तुटलं. जीव जळतो, रोज जळतो. पण एका माणसाला त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी माझी काळजी करावी लागली नाही. माझ्या हिश्शाला एवढंच उरलंय, आणि ते मी कुणाला देणार नाही.

मंगळवार, १२ जून

रोलंड परत आला. निम्मा झालाय. दोघांनी चहा घेतला. म्हणाला, "त्या गुरुवारी फोन का उचलला नाहीस रे? दुपारभर मीच करत होतो. सिसिलीचं एकच चाललं होतं – माझ्यापायी त्याच्या गावच्या बायकांची आबाळ नको, वॉल्टरला मोकळं कर. दर खेपेला तिचा हात सोडून बाहेर फोनपाशी जायचो. शेवटच्या खेपेला परत आलो, तर ती गेली होती."

मी म्हटलं, खोलीवर नव्हतो.