खंडेरावाच्या घासातली गोळी

पंचवटी, नाशिक
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मृण्मयी हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल. 'सर्व' हा शब्द काल दुपारी दोन तास धोक्यात होता, आज पुन्हा वापरता येतो आहे.

लग्न करून बंगळूरला जाताना तू तुझा खंडेराव माझ्या गळ्यात बांधून गेलीस. त्या श्वानश्रेष्ठाने काल माणसाची गोळी गिळली. ओरडू नकोस, वाचला आहे. त्याचा दोष शून्य. तीस वर्षं संस्कृत शिकवून गाढव ठरलो तो मी.

अण्णा गोळी घेत नाहीत. "मला काय धाड भरलीय?" म्हणतात आणि थुंकतात. म्हणून मी ती शिऱ्यात, अगदी वरच्या घासात दडवली. जेवणाआधी पहिला घास कुत्र्याला, हा त्यांचा जन्माचा नेम तुला ठाऊक आहेच. वर्षभर तो त्यांना आठवला नव्हता. संध्येचे मंत्र विसरले, पोटच्या मुलाचं, माझं, नाव विसरतात. आणि काल नेमका हा नेम आठवला!

तासाभरात खंडेराव थरथरायला लागला, तोंडातून लाळेची धार. शेजारच्या सिंधुबाई मिठाचं पाणी घेऊन धावल्या, "पाजा, पाजा, ओकून टाकेल!" फोनवर कुत्र्याचे डॉक्टर खेकसले, "काही पाजू नका! गोळ्यांचं पाकीट घ्या आणि आधी निघा." रिक्षात अण्णांनी त्याला मांडीवर घेतलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

दवाखान्यात पोचताच डॉक्टरांची सरबत्ती, "किती गोळ्या? केव्हा? वजन किती याचं?" मी सगळं घडाघडा सांगितलं.

"कशावरची गोळी?"

मी पाकीट पुढे केलं.

"अहो, माझे हात गुंतलेत. तोंडाने सांगा!"

अण्णा माझ्याकडेच बघत होते.

"विसरण्याच्या आजारावरची," मी म्हणालो.

रिपोर्ट मे महिन्यात आला, मृण्मयी. त्यांना सांगितलं नाही. तुलाही नाही. दर रविवारी फोनवर 'अण्णा मजेत' म्हणत आलो.

परतताना ते एवढंच बोलले, "विश्वेश, मला हे कुत्र्याच्या दवाखान्यात कळायचं होतं होय रे?" नाव बरोबर घेतलं.

आज सकाळी त्यांनी तळहात पुढे केला. "दे. उघड दे. उद्या थुंकलो तर पुन्हा सांग, कशावरची आहे ते. रोज सांग."

रोज सांगायचं, मृण्मयी. मला एकट्याला नाही जमणार.

खंडेराव दहीभात खाऊन तुझ्या जुन्या चपलेवर झोपला आहे. अण्णा सकाळपासून दोनदा विचारून गेले, "मृण्मयी केव्हा येणार?" दोन्ही वेळा नाव चुकलं नाही.

नाव चुकत नाही, तोवर ये.

तुझा लबाड
दादा