अक्काने दुरुस्त केलेलं गाणं

बजाक्का,

तुझ्या धाकट्याचा रामराम.

चाळीस वर्षं मी रॉक बँडमध्ये गिटार वाजवली, पण गाणी नेहमी दुसऱ्यांनीच गायली. आता साठीत पहिल्यांदा स्वतःचा अल्बम केला. आपल्या माणसांच्या गोष्टी सांगणारी गाणी, माझ्याच घोगऱ्या आवाजात. काल सोलापुरात ती मी पहिल्यांदा लोकांपुढे गायली. तू मेंढरं सोडून सांगोल्याहून आलीस, हे मला ठाऊकच नव्हतं.

तुझंच गाणं चाललं होतं. लहानपणी मला मागे लपवून तू काठीने लांडगा हाकललास, ते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून तुझा आवाज आला, "सया, एक न्हाय, दोन लांडगं व्हतं! अन् काठी कुटली? घोंगडं फिरवलं की मी!"

सगळं सभागृह हसलं. मी म्हणालो, "मग अक्का, तूच सांग की."

तू खरंच स्टेजवर आलीस. तू सांगत गेलीस आणि मी गिटार घेऊन तुझ्या मागं धावत राहिलो. लांडगे पळाले तेव्हा पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. एवढ्या टाळ्या मला उभ्या जन्मात मिळाल्या नव्हत्या. तू मात्र "मेंढरं कोंडायचीत" म्हणत लगेच एसटी धरलीस.

आज स्टुडिओला फोन करून अल्बम थांबवलाय. ते गाणं आता तुझ्याच आवाजात हवं.

पण हे पत्र टाकत नाही. तुला वाचता येत नाही, म्हणून तुझी सूनबाई ते मोठ्याने वाचणार, आणि वाजवताना माझे डोळे वाहत होते हे गावभर होणार. त्यापेक्षा उद्या माईक घेऊन मीच येतो. नाही म्हणू नकोस.

तुझा,
सया