द्वारकेतले सव्वीस भाचे

रविवार, ४ ऑक्टोबर १९९८, सकाळी ६.४०

आजपासून समाजशास्त्र. निर्णय पक्का.

कारणं नोंदवून ठेवतो, कारणाशिवाय फाइल हलत नाही. ३१ मार्चला अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालो आणि मे महिन्यात सरकारने रिटायरमेंटचं वय अठ्ठावन्नचं साठ केलं. मी जायचीच वाट बघत होते. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून दिल्लीच्या टोकाला, द्वारकेत, स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. अठ्ठ्याऐंशी फ्लॅटची सोसायटी, पाण्याला टँकर, तासाला एक बस. हरकत नाही. वेळ भरपूर आहे, डोकं शाबूत आहे.

दुसरं कारण संपदा. एकुलती एक मुलगी. युनिव्हर्सिटीत समाजशास्त्रात एम.ए. करते, हॉस्टेलवर राहते. गेल्या वर्षी जूनमध्ये मी तिच्या नावाने कॉम्प्युटर कोर्सचा फॉर्म भरला. सगळा देश कॉम्प्युटरकडे धावतोय आणि हिला समाज बघायचाय! तिला त्रास नको म्हणून तिची सहीसुद्धा मीच केली. उत्तम जमली होती. त्यावर ती म्हणाली की बाबा, तुम्हाला माणसं कळतच नाहीत, फक्त फॉर्म कळतात. बॅग भरली आणि गेली. तेव्हापासून तिचा फोन येतो तो आईला. मी उचलला की 'आईला द्या', एवढंच.

चौतीस वर्षं माणसांतच नोकरी केली. मला माणसं कळत नाहीत? तिच्याच विषयात तिच्या पुढे जाऊन दाखवतो. मुदत: चार महिने.

७ ऑक्टोबर

अभ्यासिका तयार. मागची बाल्कनी अॅल्युमिनियमच्या काचा लावून बंद करून घेतली. टेबल, खुर्ची, दिवा. संपदाची बी.ए.ची वही पेटीत सापडली: 'समाजशास्त्राचा उगम आणि विकास'. अक्षर माझ्यावर गेलंय.

या डायरीत एकाही विद्वानाचं नाव लिहिणार नाही. नोटिंगमध्ये दुसऱ्याचं नाव आलं की श्रेय त्यालाच जातं, हा अनुभव आहे.

९ ऑक्टोबर, दुपार

विषयाला नाव दिलं एका फ्रेंच गृहस्थाने, साधारण एकशे साठ वर्षांपूर्वी. आधी तो 'सामाजिक पदार्थविज्ञान' म्हणायचा. ते नाव एका बेल्जियन आकडेवाल्याने वापरलं, म्हणून चिडून याने नवा शब्द काढला, अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक. म्हणजे दोन सेक्शनांचं भांडण! विषय एकदम घरचा वाटला.

या गृहस्थाला जन्मभर प्रोफेसरी मिळाली नाही. प्रमोशन कमिटी तिथेही तसलीच. पण त्याचा एक नियम फार आवडला: दुसऱ्याचं लिखाण वाचायचं नाही, म्हणजे डोकं स्वच्छ राहतं. बिल्कुल बरोबर. वेळ येताच अमलात आणीन.

१४ ऑक्टोबर

दुसरा फ्रेंच. याने विषय कॉलेजात रुजवला. आत्महत्यांचे सरकारी आकडे घेऊन टेबलाशी बसला आणि एकाही घराची पायरी न चढता ग्रंथ लिहिला. सौ. लतिका म्हणाली की हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. मी सांगितलं की यालाच सेक्रेटरिएट म्हणतात. तिने लसूण सोलायला घेतला.

२२ ऑक्टोबर

आजचा जर्मन थोर निघाला. फाइल, नियम, हुद्दे, लेखी आदेश, सगळ्याचं शास्त्र केलंय त्याने. डोळे पाणावले. चौतीस वर्षांत आपल्या कामाकडे कुणी इतकं बारकाईने बघितलं नव्हतं. त्या पानावर संपदाने समासात पेन्सिलने लिहिलंय: 'बाबा!!' दोन उद्गारचिन्हं. पोरीला मनातून अभिमान आहे तर. पुढे कुठल्याशा लोखंडी पिंजऱ्याबद्दल आहे, ते परीक्षेला नसावं. सोडलं.

२ नोव्हेंबर

इतिहास संपवला. अमेरिकेतले प्राध्यापक वर्गातून उठून शहराच्या गल्ल्यांत हिंडले. १९१९ मध्ये विषय मुंबई विद्यापीठात आला, एका स्कॉटिश नगररचनाकाराबरोबर. मग एका मालवणच्या प्राध्यापकाने तो वाढवला. शेवटी आपलाच माणूस लागला! दिल्लीत डिपार्टमेंट १९५९ साली. त्यानंतर आपले विद्वान खेड्यांत जाऊन राहिले, चावडीवर बसले.

द्वारकेत मात्र कुणीही आलेलं नाही. पोस्ट व्हेकंट आहे.

वहीचं पुढचं प्रकरण 'फील्डवर्क: पद्धत आणि नेहमीच्या चुका'. फ्रेंच गृहस्थाचा नियम इथूनच सुरू करतो. वही बंद.

९ नोव्हेंबर

प्रश्नावली तयार. बेचाळीस प्रश्न, तीन प्रती. फ्लॅटचा मालक कोण? राहतो कोण? दोघांचं नातं काय? आहार? कुटुंबात तंटा आहे काय, असल्यास मिटवण्यासाठी काय केलं? बाल्कनी उघडी की बंद? शेवटी ठळक अक्षरांत: 'माहिती खोटी आढळल्यास पुढील जबाबदारी उत्तर देणाऱ्याची राहील.' त्याशिवाय लोक गंभीरपणे घेत नाहीत.

लतिका म्हणाली की सफारी सूट नको, कुर्ता घाला, ती फाइल घरी ठेवा, आधी दोनचार घरी चहा प्या. साफ नकार. चहा प्यालो की निष्पक्षपणा गेला.

रविवार, १५ नोव्हेंबर

सर्वेक्षण सुरू. प्रतिसाद अभूतपूर्व! दार उघडताच लोक उठून उभे राहतात. 'आइए सर, बैठिए सर.' काजू पुढे करतात (नाकारले). सोसायटीचा सेक्रेटरी खुराना स्वतः माझ्यापुढे जिना चढून प्रत्येक मजल्यावर मोठ्याने सांगत होता की सर्व्हेवाले साब आ रहे हैं. सहकार्य असावं तर असं.

आज अकरा फॉर्म. अकराही घरं शाकाहारी. तिसऱ्या मजल्यावर मटणाचा वास येत होता, तो शेजारच्या सोसायटीतून असावा.

२९ नोव्हेंबर

महत्त्वाचा शोध.

वरच्या फ्लॅटमध्ये धवल राहतो. नागपूरचा मुलगा, मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या फॅक्टरीत इंजिनियर, सकाळी सव्वासहाला कंपनीची बस पकडतो. फ्लॅट अहलुवालिया नावाच्या सरदारजींचा. दोघांचं नातं विचारलं. धवल जरा घुटमळला, दाराबाहेर उभ्या असलेल्या खुरानाकडे बघितलं आणि म्हणाला, भाचा.

नागपूरचा मराठी भाचा, लुधियानाचा शीख मामा! आणि हा एकटाच नाही. सोसायटीत अशा फ्लॅटांत भाचेच भाचे राहतात. मामा मात्र कुठेच दिसत नाही. एक कॅनडात, एक दिल्लीतच पण रोहिणीत, बाकी 'बाहर गए हैं'.

जगात कुठेही नोंद नसलेली कुटुंबपद्धती माझ्या जिन्यात सापडली. संपदाच्या प्रोफेसरांना घाम फुटेल.

१२ डिसेंबर

सत्तावन्न फॉर्म झाले. उरलेली दारं उघडेनात. आत टीव्ही चालू असतो, मी बेल वाजवली की बंद होतो. लाजाळू लोक आहेत. काम अडून राहू नये म्हणून एकतीस फॉर्म स्वतःच निरीक्षणावरून भरले. त्यात गैर काही नाही. लोकांना काय म्हणायचं असतं ते मला साधारण माहीत असतं.

एकूण भाचे: सव्वीस. बंद बाल्कन्या: शून्य. तंटा: शून्य. हे मी माझ्या बाल्कनीत, म्हणजे अभ्यासिकेत बसून लिहितो आहे. फ्लॅट ४६ चा, आपला, फॉर्मही त्यातच भरला: बाल्कनी उघडी, तंटा नाही.

लतिकाने एक कोरा फॉर्म वेगळा मागितला. म्हटलं, एका घराला एकच उत्तर असतं. ती म्हणाली की मग तुमच्या शास्त्रात कमी आहे. चलो, दिला. दुपारभर स्वयंपाकघरात भरत बसली आणि पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून आणून दिला. वाचला नाही. डोकं स्वच्छ ठेवायचंय.

५ जानेवारी १९९९

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या आवारात माझं व्याख्यान. विषय: 'द्वारकेतील मामा-भाचा कुटुंबपद्धती'. खुराना टाळाटाळ करत होता, मी लेखी कळवल्यावर गप्प झाला.

संपदाला निमंत्रण रजिस्टर्ड ए.डी.ने पाठवलं. लतिका म्हणाली की फोन करा ना. फोनला पुरावा नसतो.

१३ जानेवारी

ए.डी.चं कार्ड परत आलं. वर संपदाची सही. तिचीच आहे, मी ओळखतो. कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं. दीड वर्षात तिने मला पाठवलेलं हे पहिलंच काही.

२६ जानेवारी, सायं. ५

संपदा आली नाही. पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती.

व्याख्यान झालं, असं म्हणता येईल. फ्रेंच, बेल्जियन, जर्मन, मालवण असं करत द्वारकेपर्यंत आलो आणि मोठा तक्ता उघडला. सव्वीस भाच्यांचे फ्लॅट नंबर लाल शाईत, समोर मामांची नावं.

सगळे माना पुढे काढून तक्त्याकडे बघायला लागले. मला वाटलं, लोक भारावले. मग खुरानाने तक्ता ओढून काढला आणि घडी करून खिशात घातला. म्हणाला की भाडेकरू ठेवायची परवानगी नाही म्हणून सगळ्यांनी भाचे केले होते आणि पाटणकर साबनी, म्हणजे मी, यादीच चौकात टांगली. म्हणाला की दोन महिने लोक मला घरं वाटणाऱ्या प्राधिकरणाचा इन्स्पेक्टर समजत होते. बाल्कनी बंद करायलाही मनाई, म्हणून मी येणार कळलं की बाल्कन्यांच्या काचा उतरवायचे, मी गेलो की परत बसवायचे. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा त्यात अंगठा चेमटला. मी ठामपणे म्हणालो की सोसायटीत एकही बंद बाल्कनी नाही, माझ्याकडे अठ्ठ्याऐंशी फॉर्म आहेत. तेवढ्यात कुणीतरी मागे बोट दाखवलं. सगळी सोसायटी वळून माझ्या अभ्यासिकेकडे बघायला लागली.

हसले. बराच वेळ हसले.

गॅलिलिओलाही हसले असतील. मी मागे हटणार नाही.

२८ जानेवारी

जिन्यात धवल भेटला. त्याच्या मामाने, म्हणजे अहलुवालियाने, महिन्याभरात फ्लॅट सोडायला सांगितलंय. मी म्हणालो, शास्त्राला किंमत मोजावी लागते. तो म्हणाला, ती मी मोजतोय, काका. आणि बस पकडायला पळाला.

 

रविवार, ३१ जानेवारी, दुपारी ४

संपदा आली. लतिकाने बोलावलं होतं, जेवायला. मला वाटलं होतं, ए.डी.चा परिणाम.

वाळलीय. चष्मा लागलाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अभ्यासिकेत आली, फॉर्म चाळले आणि भाच्यांवर इतकी हसली की खुर्चीत बसावं लागलं. म्हणाली की लोक कुणाला घाबरून काय खोटं बोलतात हे यात फार छान सापडतं. छान! लिहून ठेवतो. मग एका गठ्ठ्याशी थांबली आणि विचारलं की हे एकतीस फॉर्म एकाच अक्षरात कसे. मी म्हणालो, वेळ वाचवला. ती म्हणाली, सह्यासुद्धा? आणि हसू संपलं.

पाकीट तिनेच फोडलं. वाचलं, टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात आईकडे गेली.  मी फॉर्म घेतला. हे आपल्याच घरचं, दुसऱ्याचं लिखाण नव्हे, असं ठरवून वाचला.

'कुटुंबात माणसं किती: दोन.

रोजच्या जेवणाची ताटं: दोन. रविवारी तीन मांडते, एक पुसून परत ठेवते.

बाल्कनी: बंद.

कुटुंबात तंटा आहे काय: आहे.

मिटवण्यासाठी काय केलं: कुटुंबप्रमुखांनी समाजशास्त्र सुरू केलं.'

खाली लतिकाची सही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिची सही नीट बघितली नव्हती.

तिसरं ताट आज पुसून ठेवावं लागलं नाही. वरण चांगलं झालं होतं. मी तसं म्हणालो, दोघी दचकल्या.

निघताना संपदाने लतिकाचा फॉर्म बॅगेत ठेवला, मला विचारून. बाकीचे अठ्ठ्याऐंशी रद्दीत द्या म्हणाली. माझ्या हातात एक कोरा फॉर्म दिला आणि म्हणाली की हा तुम्ही भरा, फक्त तुमचा. माझ्या वतीने काही लिहू नका. पुढच्या रविवारी येशील का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. बसस्टॉपपर्यंत लतिका गेली.

१ फेब्रुवारी, सकाळी १०

फॉर्म भरायला बसलो. खिडकी उघडी ठेवलीय. काचा उतरवणारा माणूस अकराला येतो म्हणालाय. धवलच्या मामाला पत्र लिहायचंय, साध्या कागदावर.

प्रश्न पहिला. कुटुंबात माणसं किती?

लतिकाला हाक मारून विचारलं. ती म्हणाली, तुमचं तुम्ही लिहा.

तीन लिहिलंय. पेन्सिलने.