वगळलेले एक्केचाळीस बिंदू

४ मार्च

ती. मामा,

नमस्कार. मामीचा गुडघा आता बरा असेल. इथे सगळं ठीक. जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते, मला तसंच जमतं.

१. गेल्या हिवाळ्यात तू खाडीच्या उत्तरेला सहा दिवस चिखल तुडवून एक्केचाळीस ठिकाणं मोबाईलवर नोंदवलीस. प्रत्येकापुढे लिहिलंस: पाणथळ, गवत.
२. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशा काढणाऱ्या आमच्या संगणकाच्या मॉडेलने तिथे नुसतं पाणी दाखवलं.
३. मी तुझी ठिकाणं, म्हणजे नकाशावरचे ते बिंदू, वगळले. नकाशाची अचूकता अठ्ठ्याऐंशीवरून चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेली.
४. नकाशा मंजूर झाला. त्यात ती पाणथळ जागा नाही, म्हणून आता तिथे भराव टाकायचा अर्ज आला आहे.

तू तेव्हा फोनवर म्हणालास, "बाईसाहेब, तुमच्या उपग्रहाला म्हणावं चपला काढून खाली ये. गुडघ्यापर्यंत रुतला की कळेल पाणी आहे का काय ते!" मी म्हणाले, तुला मोबाईल नीट धरता येत नाही. त्यानंतर तुझा फोन नाही.

चूक माझी होती. बिनढगांची म्हणून मी निवडलेली सगळी चित्रं भरतीच्या वेळची निघाली. गवत पाण्याखाली होतं. तू ओहोटीला चालला होतास. भरतीची वेळ ताडून बघायला दहा मिनिटं लागतात. मी ती परवा बघितली.

आधी का नाही बघितली, या ओळीशी तीन दिवस अडकले आहे. बसते, उठते, खिडकी लावते, पुन्हा उघडते. बिंदू वगळण्याआधी ऑफिसच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, हे बिंदू कुणाचे? मी म्हणाले, "आहे तिथला एक खेकडे पकडणारा. प्रशिक्षण वगैरे काही नाही." सगळे हसले. मीही हसले. मग ते बिंदू ठेवायची मला लाज वाटली.

दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. बिंदू कुणी काढले, का काढले, नोंदवणारा माझा कोण, सगळं त्यात आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. पण नुसत्या कागदावर ते ऐकणार नाहीत. पाहणी अधिकारी १६ तारखेला येणार आहेत, ओहोटी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. त्यांना आत न्यायला पायाखालची वाट असलेला माणूस हवा. मी ती वाट विसरले आहे.

येणार की नाही, ते १२ तारखेपर्यंत कळव. नाही असेल तरी कळव.

तुझी भाची