उपासाचे पट्टे

गुरुवार, संध्याकाळ

जुईला सातवा लागलाय आणि ती दोनदा एकटीच डॉक्टरकडे गेली. का, ते आज कळलं. गच्चीबावलीच्या ऑफिसातून फोनवर म्हणते, "आई, तुझ्या कॅलेंडरवर जेव्हा बघावं तेव्हा लाल पट्टे! मंत्री झालीस काय?"

आमची फोनमधली कॅलेंडरं एकमेकींना जोडलेली; तिचं खातं ऑफिसचं, माझं घरचं. तिला नुसतं 'व्यस्त' दिसतं, कारण दिसत नाही. एकेक पट्टा उघडून पाहिला. चतुर्थी, एकादश्या, सगळे गुरुवार. उपासाच्या दिवशी 'व्यस्त' मीच लावलं होतं. कशाला? साबुदाणा भिजवायला दिवसभर लागतो?

तासभर खटपट करून सगळीकडे 'मोकळी' लावलं. तिला दिसलं.

"पुढची तपासणी एकादशीलाच आहे गं. जमेल?"

"विचारतेस काय? वेळ सांग," म्हणाले.